उत्तम दारू, खोल गल्लीत

माझ्या बायकोच्या वांग्याच्या भरिताला जाहिरातीची गरज नव्हती. ती मी केली.

आमचं घर जळगावच्या जुन्या भागात, एका गल्लीच्या अगदी टोकाला. तिथवर रिक्षा येत नाही (एकदा आली होती, ती उलटी बाहेर काढायला चौघं लागले). हिवाळ्यात हिरवी, भरताची वांगी बाजारात आली की सुमन ती अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजते आणि लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचते. त्या दिवशी अख्खी गल्ली वाट्या घेऊन आमच्याकडे 'सहज' येते. यंदा तिनं ठरवलं की दर रविवारी भरीत-पुरी विकायची.

"पण एवढ्या आत घर. लोकांना कळणार कसं?" मी म्हणालो.

"वास येतो ना."

मी मराठीचा निवृत्त मास्तर. उभा जन्म शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिण्यात गेलेला. जुनी वही काढली आणि त्यात नेमकी एक चिनी म्हण सापडली: उत्तम दारू खोल गल्लीत असली, तरी लोक वास काढत येतातच. मी हरखलो. गल्लीच्या तोंडाशी हीच पाटी लावायची.

सुमननं वहीत डोकावून पाहिलं. "अहो, ही म्हण सांगते की पाटीची गरज नाही. आणि तुम्ही तीच पाटीवर लिहिणार?"

मी तिला म्हटलं, साहित्यातलं तुला कळत नाही.

भिका पेंटरनं शनिवारी संध्याकाळी पाटी ठोकली. पहिल्या ओळीत 'उत्तम दारू', दुसऱ्या ओळीत 'खोल गल्लीत', त्याखाली उरलेली म्हण आणि सर्वांत खाली 'सुमनताईंचं भरीत'. "पहिल्या दोन ओळी ठसठशीत घेतल्या सर," तो म्हणाला, "आणि बाण फुकट दिला." बाण आमच्या घराकडे होता.

रविवारी सकाळी कुठल्याशा होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला. त्याच्या कार्यकर्त्यांनी शुभेच्छांचा फ्लेक्स माझ्या पाटीच्या खालच्या निम्म्या भागावर करकचून बांधला. हे मला ठाऊक नव्हतं. मी घरात नवा सदरा घालून गिऱ्हाइकांची वाट पाहत होतो. शिवाय धुळ्याहून सुमनचे थोरले बंधू, नानाभाऊ, नारळ फोडायला यायचे होते. या नानाभाऊंनी गावात बायकांचं मतदान घडवून दारूची बाटली आडवी केली होती. त्यांच्यासमोर मी खोकल्याचं औषधसुद्धा घेत नाही.

साडेदहाला मफलर गुंडाळलेला एकजण आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सर, आहे का?"

"आहे की. आत्ताच काढलंय."

"घरचं?"

"पूर्ण घरचं. बायको करते."

तो माझ्याकडे आदरानं बघत राहिला. "कडक असंल ना?"

"तिखट म्हणाल तर डोळ्यांतून पाणी येईल."

"मग इथंच बसू?"

"बसा ना. मित्रांनाही बोलवा."

त्यानं बोलावलं. पाऊण तासात ओट्यावर अकराजण बसले. इतकी शांत, शिस्तीची गिऱ्हाइकं मी पाहिली नव्हती. एकानं स्वतःचा ग्लास आणला होता. दुसऱ्यानं विचारलं, "सर, चकना?" मी अभिमानानं कांद्याची पात पुढे केली. समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली, तेव्हा कुठे मी त्या ग्लासाकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात नानाभाऊ आले. पांढरी टोपी, हातात नारळ, चेहरा वांग्यासारखा भाजलेला. त्यांना पाहून मफलरवाला सरकून बसला. "या आबा, बठ्ठा रांगमाच शेतस. तुमनाबी नंबर लागी."

नानाभाऊंनी नारळ माझ्याकडे रोखला. "पाव्हना, मनी बहीणना घरमा दारू इकाई राह्यनी?"

"नाही हो नानाभाऊ, ती चिनी—"

"चिनी दारू?"

पुढचं वाक्य जुळवतोय तोच गल्लीतून एक हवालदार आले. "तक्रार आहे सर. पाटीही आहे, बाणही आहे." निवृत्तीवेतन, इभ्रत, सासुरवाडी, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. मी मटकन ओट्यावर बसलो. शेजारच्यानं आपला रिकामा ग्लास मला पुढे केला. "सर, पाणी प्या. पहिल्यांदा असं होतं."

सुमन बाहेर आली. तिनं ओटा पाहिला, भावाला पाहिलं, हवालदाराला पाहिलं आणि शेवटी मला पाहिलं (ही नजर मी अजून विसरलेलो नाही). मग शांतपणे म्हणाली, "दारू नाही. भरीत आहे. पत्रावळ्या घ्या."

गिऱ्हाइकांपैकी दोघं उठून गेले. बाकीचे नऊजण, आलोच आहोत तर, म्हणून बसले. पहिल्या घासाला ग्लासवाल्यानं ग्लास पिशवीत टाकला. दुसऱ्या घासाला मफलरवाल्यानं मफलर सोडला. हवालदारांनी चौकशीचा भाग म्हणून चव घेतली आणि चौकशी तीन पुऱ्या चालली. नानाभाऊ बराच वेळ तोंड फिरवून उभे होते. मग खाली बसले आणि म्हणाले, "सुमी, वाढ बरं. तुना नवरा येडा शे, पन तुना हात मायना शे."

एक वाजता भरीत संपलं. जाताना मफलरवाला दारात थांबला. "वहिनी, पुढल्या रविवारी घरच्यांना आणतो," तो म्हणाला. आणि खरंच आणलं. पाटी मी त्याच दुपारी स्वतः उतरवली होती. तरी त्या दुसऱ्या रविवारी रांग थेट गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.

आता सुमनला जामनेरपासून मागणी येते. मलाही गावात चांगलीच ओळख मिळाली आहे. परवा स्टेशनवरून रिक्षा केली. पत्ता सांगायला तोंड उघडलं, तर रिक्षावाला म्हणाला, "बसा. दारूवाले सर ना तुम्ही?"