सहा पिशव्यांचा भार

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी निघत नाही. त्या वर्षी शिरलं ते अर्धं उचलायचं खूळ. अर्धं म्हणजे वजन निम्मं नव्हे, उचलणं निम्मं. खांद्याच्या जरा खाली लोखंडी दांडा आधीच टेकवून ठेवायचा, गुडघे थोडे वाकवून त्याच्याखाली शिरायचं आणि फक्त चार बोटं वर उठायचं. जमिनीवरून जेवढं उचलतं, त्याच्या दुप्पट असं उचलता येतं, असं मोबाईलमध्ये कुणीतरी सांगत होतं.

खूळ उगाच नव्हतं शिरलं. टायफॉईडमधून उठले आणि महिनाभरानं माझ्या माहेरच्यांबरोबर आम्ही लेण्याद्रीला गेलो. निम्म्या पायऱ्यांवर हे बसले ते उठेनात. महाळुंगे पडवळचा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दाजी, डोली बोलवू का?" सगळे हसले. मीपण हसले. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी घोडेगावहून वेल्डिंग मशीन भाड्यानं आणलं.

मोडलेल्या द्राक्षबागेचे अँगल बांधावर गंजत पडले होते. त्यांचे दोन घोडे केले, म्हणजे दांडा पेलायचे उभे खांब, आणि कांदा साठवायच्या बराखीच्या तोंडाशी सिमेंटमध्ये गाडले. दांडा म्हणून बैलगाडीचा आख घेतला. बैल गेले, गाडी गेली, आख तेवढा उरला होता. त्याच्या दोन्ही टोकांना विहिरीतली मोटर काढायची साखळी, साखळीला फळ्या, फळ्यांवर कांद्याच्या पिशव्या. खांद्याला रुतू नये म्हणून मधोमध गोणपाट गुंडाळलं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. वाऱ्यानं ती साखळी घोड्याला घासायची, की मी हातातलं काम टाकून तिकडं बघायची.

वैशाखात बराख भरली तेव्हाच ह्यांनी सहा पिशव्यांचा काटा केला होता. बरोबर पन्नास-पन्नास किलो. त्या वेगळ्या काढून ठेवल्या. जेठात दोन टांगल्या, श्रावणात चार. माझं काम एवढंच, हे उठले की आख आणि घोडा यांच्या मधून विळ्याचं पातं सरकवायचं. पातं पलीकडं गेलं तर उचललं, अडकलं तर नाही.

आता कांदा बराखीत वाळतो, वजन घटतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय दर आठ दिवसांनी मी सडका कांदा निवडायची, आणि त्या सहा पिशव्याही सोडत नव्हते. सुतळी उसवायची, नासके काढायचे, परत शिवायची. हाताला सवयच तशी, त्यात डोकं कुठं चालतंय? भाद्रपदात एक दिवस झाडताना त्यातली एक पिशवी मी एकटीनं उचलून बाजूला ठेवली आणि तिथंच थबकले. पन्नासाची पिशवी मला एकटीला कधी हलली नव्हती.

त्याच संध्याकाळी सहाही पिशव्या उचलून हे माझ्याकडं वळले. घामानं निथळत होते. "तीनशे! बघितलंस का? तीनशे किलो!" आजारपणानंतर ह्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"बघितलं की," मी म्हणाले. सव्वादोनशे तरी असतील की नाही, देव जाणे. जाऊ दे, म्हटलं. कांद्यानं थोडी माया केली तर माझं काय बिघडतंय?

दसऱ्याच्या आधी भाव चढला आणि बराख रिकामी झाली. त्या सहा पिशव्याही ट्रकमध्ये गेल्या. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. पण दसऱ्याला माझा भाऊ आणि चार पाहुणे सोनं द्यायला आले, आणि भावानं विचारलं, "दाजी, ऐकतोय त्ये खरं का राव? तीनशे?" हे उठलेच. बटाट्याच्या लागणीला आणलेलं खत पडवीत होतं. सहा पिशव्या, शिलाईसुद्धा न उसवलेल्या, प्रत्येकीवर पन्नास किलो छापलेलं. आणि ते पन्नास खरं होतं.

मी आडवी आले. "अवो, कालच पूजा केलीया त्याची. फुलं तरी सुकू द्या. पूजेतलं हत्यार असं हलवू न्हाई."

"काल खंडेनवमी व्हती, आज दसरा," हे हसत म्हणाले. "आजच तर हत्यार उचलायचं असतंय."

"आक्का, तूच लई भितीस," भाऊ म्हणाला.

कांदा वाळला व्हता, अवो. एवढं एकच वाक्य होतं माझ्याकडं. पण माझ्या भावासमोर मी ते बोलले असते तर हे परत लेण्याद्रीच्या त्या पायरीवर जाऊन बसले असते, आणि ते मला बघवलं नसतं. जीभ उचललीच नाही माझी. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पिशव्या चढल्या तशी साखळी ताणली, आणि तिचा आवाज निराळा आला. इतके महिने ऐकत होते, असा कधी आला नव्हता. हे आखाखाली शिरले. चेहरा लाल झाला, मग काळानिळा. आख हलेना. "सोडा, अवो, सोडा!" मी ओरडले. ऐकतात कुठले! एकदम आख उठला. मी विळा सरकवला. पातं पलीकडं गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आख घोड्यांवर धाडकन आदळला, आणि त्या दणक्याच्या आधी एक बारीक आवाज झाला. तो ह्यांच्या कंबरेतून आला होता. जवळ मीच होते, मीच ऐकला.

"मानलं, दाजी!" म्हणत भावानं त्यांना मिठी मारली. हे हसत होते. खरंच आनंदात होते, ते सांगायलाच हवं. फळीवरच्या पिशवीवर टेकले, चहा मागितला, दोन घोट घेतले. मग खाली न बघताच मला म्हणाले, "अगं, माझी डावी चप्पल कुठं निसटली? बघ की जरा."

मी वाकून बघितलं. चप्पल त्यांच्या पायातच होती.