बाळाची तारीख

समुद्रपूरची हर्षा सुती झबली शिवून स्वतःच्या वेबसाइटवर विकायची. गिऱ्हाइकाने बाळंतपणाची तारीख भरली, की बाळ वाढेल तशी पुढच्या मापाच्या झबल्याची आठवण आपोआप जायची. एका सकाळी अशाच एका आठवणीला पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला : ‘बाळ वाचलं नाही. माझी माहिती पुसा. कायद्याने तो माझा हक्क आहे.’

हर्षाने वेबसाइट बनवणाऱ्या धीरजला फोन लावला.

“त्यायची माहिती अजून कुठं गेली, तुले माहीत आहे काय?”

“जाहिरातवाल्यायकडं गेली असन. तिथून पुसता येते का, पाहा लागन.”

तिने आपल्याकडची नोंद पुसली, तारखेचा रकानाच काढून टाकला आणि बाईंची माफी मागितली. अजूनही शिवताना तिचा हात मधेच थांबतो. जाहिरातवाल्यांकडे ती तारीख अजून असली आणि तिथून बाईंना पुन्हा तशीच आठवण गेली तर?