गाठीच्या पुढचं

डिंडोलीच्या घरातला माळा आवरताना पप्पांचं शुभवर्तमान हाती आलं. पानांना अजून त्यांच्या कारखान्यातल्या लूमच्या तेलाचा वास आहे. त्यातल्या मार्कने लिहिलेल्या येशूच्या कथेचं शेवटचं पान उघडलं आणि तोच जुना वैताग उसळला.

माझ्या लहानपणी, लिंबायतच्या जुन्या खोलीत, एका रविवारी पप्पा मोठ्याने वाचत होते. येशूची कबर रिकामी दिसते, बाया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. इथे त्यांनी नेहमीसारखं पुस्तक मिटलं.

"अहो, पुढे जिवंत झालेला येशू भेटतो ना! ते वाचा की," आई चिडली.

"ते मागून जोडलंय. सगळ्यात जुन्या प्रतींत नाही, पाळकांनी सांगितलं. आणि तुटलेला धागा जोडला की गाठ माझ्या बोटाला कळते."

"बायांनी सांगितलंच नाही, तर लिहिलं कोणी?" मी वैतागून विचारलं.

"येशूला मानणाऱ्यांच्या छळाचे दिवस होते ते, पोरी. भ्यालेल्या माणसांसाठीच लिहिलंय ते."

"बायाच तेवढ्या भित्र्या!" आईने ताट आपटलं. "येशूला पकडलं तेव्हा पुरुष तर आधीच पळालेले!"

तेवढ्यात दार वाजलं. धुळ्याहून मामा आला होता. आम्ही येशूला मानतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आईने झटकन पुस्तक तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "कोनले सांगू नको."

मला दोघांचाही संताप आला होता. पप्पा पुढे वाचत नाहीत, आई भावासमोर तोंड उघडत नाही!

आता दोघंही नाहीत. काल मामाचा फोन आला. "रविवारी सकाळी कुठे होतीस गं? किती रिंगा दिल्या."

"बाजारात," प्रार्थनेला गेले होते तरी मी म्हटलं.