प्रभाकरदादाचे कान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. प्रभाकर म्हात्रेला ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्यात आधी मला कळलं होतं. त्याच्या बायकोच्या आधी, डॉक्टरच्या आधी, खुद्द त्याच्याही आधी. कळूनही मी गप्प बसलो... आणि त्या गप्प बसण्यात मला मजा आली.

दादा गेल्याचं आमच्या दोघांच्या दोस्ताने, नझीरने, रोह्याजवळच्या अष्टमी गावाच्या पुलावर मोटारसायकल थांबवून सांगितलं, त्याला आता महिना होऊन गेला. पेणला शोकसभाही झाली. ज्यांनी उभ्या जन्मात दादाजवळ बसून एक रेकॉर्ड पुरी ऐकली नव्हती, त्यांनी त्याला ‘नादब्रह्माचा उपासक’ करून टाकलं. एकाने तर ‘अजातशत्रू’सुद्धा म्हटलं. दादा असता तर ओरडला असता, “याला खाली बसवा रे, बेसूर हाय!” उपासक वगैरे काही नव्हता तो. दादा तुच्छतेचा माणूस होता, आणि ती त्याला शोभायची.

रोह्याच्या कारखान्यात आम्ही एका शिफ्टला. तो कॉम्प्रेसरवर, मी शेजारच्या स्टोअरमध्ये. त्या घरघरीत कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगून थकले. दादाचं उत्तर ठरलेलं, “मी काय बाळंतीण हाय?” तिथेच मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्याला रेकॉर्डींचा खोका देऊन गेला. इटालियन ऑपेरा, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा, गंभीर जातीचा. राजे, शपथा, कारस्थानं... आणि सेनापतीचं काम गाणारी बाई. मी पहिल्यांदा ऐकून हसलो, तर दादा उसळला. “माझा बाप गावच्या नाटकात लुगडं नेसून रडायचा, तवा अख्खा गाव रडायचा. नि तुला बाईच्या तलवारीचं हसू येतं?”

या ऑपेरात पात्रं गाण्यावर येण्याआधी अर्धं बोलत, अर्धं गात सरकतात. कीर्तनकार बोलता बोलता पदावर येतो ना, तसंच. त्या बोलण्याखाली हार्पसिकॉर्ड वाजतं. त्याला पट्ट्या पेटीसारख्या, पण आत तारा छेडल्या जातात आणि आवाज स्वरमंडळासारखा किणकिणता. दादाचा सगळा जीव त्या किणकिणीत. “गाणं कुणीबी गाईल. बोलण्याखाली काय वाजतं, तिथं परीक्षा,” असं तो म्हणायचा, आणि त्या परीक्षेत बहुतेकांना नापास करायचा.

रविवारी मी रोह्याहून गाडीने पेणला त्याच्याकडे जायचो. कासू स्टेशन मागे पडलं की आज काय बोलायचं नाही, ते मी मनात घोकायला लागायचो. कारण मी तोंड उघडून काही मत दिलं की दादा म्हणणार, “तू ऐकत नायस रे, तू नुसता बसतोस.” एकदा वहिनींसमोर म्हणाला, “याचे कान म्हंजे सुपाऱ्या. कातरल्या तरी नाद यायचा नाय.” वहिनी हसल्या. मीही हसलो. वर्षानुवर्षं हसत राहिलो. दर रविवारी जातच राहिलो, हे माझं आणखी एक लाचारपण.

मग तेव्हा मस्कतला नोकरी करणाऱ्या नझीरने सुट्टीवर येताना त्याच ऑपेराच्या नव्या रेकॉर्डिंगच्या सीडी आणल्या. दादाने डोळे मिटून पहिला अंक ऐकला आणि निकाल दिला, “लुच्चे हायत. बोलण्याखालचं वाजवणंच काढून टाकलंय. खाली मोठं व्हायोलिन तेवढं घुमतंय.”

मला हार्पसिकॉर्ड स्वच्छ ऐकू येत होतं. इतकं स्वच्छ, की वाजवणाऱ्याची बोटं मोजावीत.

“दादा, मला तर...”

“तुला भास होतोय. सुपाऱ्या!”

तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि उमगलं. किणकिण सीडीतून गेली नव्हती, दादाच्या कानांतून गेली होती. खालचा घुमारा शिल्लक होता, वरचं सगळं कॉम्प्रेसरने खाल्लं होतं. एका वाक्याचं काम होतं, ‘दादा, एकदा कान दाखवून ये.’ मी म्हणालो, “बरोबर आहे तुझं. लुच्चेच आहेत.”

पुढे पेणच्या संगीतप्रेमी मंडळींनी त्याचं व्याख्यान ठेवलं. या रेकॉर्डिंगची चिरफाड करायची, असं त्याने ठरवलं. मी त्याला अडवलं नाही. उलट म्हणालो, “सोडू नको दादा.”

त्याने सभागृहात सीडी लावली, हात वर केला आणि विचारलं, “ऐका. कुठाय साथ?” सगळ्या सभागृहात ती किणकिणत होती. कुणीतरी खुसखुसलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हात्रे, वाजतंय की हो!” दादाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं मत विचारलं. “तू सांग. वाजतंय?”

मी उभा राहून म्हणालो, “नाही.”

तो आणखी बराच वेळ बोलला. लोक एकमेकांना कोपरं मारत होते. नंतर दोघा-तिघांनी माझी पाठ थोपटली, मित्राची लाज राखलीत म्हणाले. काय राखली! मी तिथे बसून त्याची फजिती घोट घोट पीत होतो.

दोनेक वर्षांनी फोनची रिंगही ऐकू येईना, तेव्हा वहिनी त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. कानात यंत्र आलं, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. त्यानंतर दादाने कुणालाच नापास केलं नाही. सीडी लावायचा आणि विचारायचा, “कसं हाय? तू सांग.” मी सांगेन ते मान डोलावून घ्यायचा. ते मला सुपाऱ्यांपेक्षा जास्त लागायचं.

शेवटच्या भेटीत, इस्पितळात, त्याने माझा हात धरला. “त्या दिवशी वाजत व्हतं. मला कळलंय मागनं. सगळे हसले, तू एकटा माझ्यासाठी खोटं बोललास.” बाजूला वहिनी डोळे पुसत होत्या.

मी तो हात धरू दिला.

त्यानंतर वहिनींनी दादाचा प्लेअर आणि सीडी माझ्या घरी पाठवून दिल्या. ‘त्यांच्या एकाच खऱ्या मित्राकडे’ असा निरोप होता. वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला माझी छाती झाली. यातही मी नेहमीसारखाच. तो प्लेअर माझ्या खोलीत आहे. काल मी पहिला अंक लावला. रेकॉर्डिंग उत्तम आहे, बोलण्याखालची साथ तर फारच सुरेख, आणि त्याबद्दल दादाने दिलेला निकाल चूक होता. हे त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता वहिनींसमोर बसून, ते ‘नाही’ मी कशासाठी म्हणालो, हे सांगायचं देणं मी त्यांचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.