सुमाआजी धबधब्यावर का आली नाही

ईरा, चिन्मय, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलाला, तुमच्या बाबालाही नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण खोटं बोलले ते मराठीत, म्हणून हेही मराठीतच.

मेक्सिकोतलं ते छोटं गाव आठवतं? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधून ती हिरवी-निळी नदी, आणि एकेका धबधब्यावरून उड्या मारत खाली उतरायचं. शेतकऱ्यांचीच मुलं गाइड — सकाळी ऊसतोड, नंतर पाहुण्यांना लाइफ जॅकेट बांधायची. तुमच्या आईने ती ट्रिप ठरवली, तेव्हा तिची आई, म्हणजे सुमाआजी, आपल्याकडे सांता क्लाराला सहा महिन्यांसाठी आली होती.

खरं सांगू? ती आली की आपलंच घर मला परकं वाटायचं. तुमचे डबे, डेंटिस्ट, रविवारचं मराठी — सगळं मी वेळच्या वेळी करायचे. आणि तुम्ही? शाळेतून आलात की बॅगा फेकून तिच्या गळ्यात. कृष्णाकाठी वाढलेली बाई ती. पासष्टी उलटल्यावर पंजाबी ड्रेस घालून कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये धपकन उडी मारायची. तुम्हाला पोहायला तिने शिकवलं. मी काठावर टॉवेलच्या घड्या घेऊन बसायचे. ओले, कुडकुडत तुम्ही माझ्याकडे यायचात — टॉवेलसाठी.

आता दोघंही इतक्या लांब आहात, म्हणून लिहिता येतंय. समोर असतात तर — नाही, समोर असताना वर्षानुवर्षं गप्पच बसले.

सगळ्यांचे पासपोर्ट, तिकिटं, विमा — सगळं माझ्याकडे असायचं. मी शेंगा निवडत असताना ती स्वयंपाकघरात आली. "विहीणबाई, माझा अमेरिकेचा व्हिसा चालतो ना हो तिकडे, मेक्सिकोत? तुम्हालाच कळतं त्यातलं."

चालत होता. जायला आणि परत यायलाही. मी आदल्याच दिवशी दोनदा वाचलं होतं.

"जाता येईल," मी म्हटलं, "पण येताना अडवतात. पोरांसमोर शोभा व्हायची."

तिचा चेहरा उतरला. "नको गं बाई. मी आपली घर राखते." तुमच्या आईने मला विचारलं, "नक्की ना, आई?" मी वाचलंय म्हटल्यावर आपल्या घरात पुढे कोण विचारणार?

मला तिची काळजी होती का? मुळीच नाही. तुमचे दोघांचे हात धरून ती हवेत झेपावतेय, हे चित्र मला सहन होत नव्हतं. एवढंच.

मग मी आले, तिच्या जागी. नदीकाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर टॉवेल. गाइडने उसाची कांडी दिली, तर ती तुम्ही दातांनी सोललीत — अगदी तिच्यासारखी. कड्यावरून चिन्मय ओरडला, "सुमाआजी would've gone first, यार!" सगळे हसले. मीही हसले. ती हजारो मैल लांब, रिकाम्या घरात एकटी होती, आणि तरी मी तिच्यावर जळत होते.

परत आलो तर तिने बेसनाचे लाडू करून ठेवलेले. तुम्हाला समोर बसवून एकेक उडी तिने पुन्हा पुन्हा ऐकली. मग मला विचारलं, "पाणी गार होतं का हो?"

"खूप," मी म्हटलं. मी त्या पाण्यात बोटसुद्धा घातलं नव्हतं.

तिचे गुडघे गेले, आता ती अमेरिकेला येत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्या ट्रिपचा विषय काढलात, तेव्हा ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत — "नियमच होता रे तसा. विहीणबाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं." मी स्क्रीनच्या माझ्या चौकोनात होते. मान हलवली.

असा नियम नव्हता.