दादांच्या ओट्यावर घेतलेली शपथ

"हात धुऊन आलास ना रे? मग ठेव."

गावचे पुढारी दादा खुर्चीतून विचारत होते. आम्ही अकरा पुरुष ओट्याखाली, चपला काढून. मधे स्टुलावर कुराण. ते मीच आणलं होतं. वडिलांचं. दादांच्या माणसांनी बिनवजूचा, न धुतलेला हात लावू नये म्हणून बिबवेवाडीहून बसमध्ये छातीशी धरून आणलं. अपमान करून घ्यायला गेलो, तोही अदबीनं.

आमचं गाव खडकवासल्याच्या पुढं. माझं गाद्या शिवायचं दुकान बिबवेवाडीत, पण मत अजून गावातच. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव झाली. दादांनी भावजयीला उभं केलं. तिच्यासमोर माझी चुलत बहीण, शमीम आपा. गावातली कुठलीही बाई अडली की तिला दवाखान्यात नेणारी.

मत भावजयीलाच देणार, अशा शपथेसाठी दादांनी इतरांना भंडाऱ्यावर हात ठेवायला लावला होता. आम्हाला कुराणावर.

"तुमच्या लोकांचं काय खरं हाय?" दादा म्हणाले. "भैन दिसली की पलटाल."

सगळे हसले. आमच्यातलेही. आमच्या मशिदीचे मौलाना शेजारी चहा पीत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी बशीत पाहिलं.

मी हात ठेवला.

आणि शपथ पाळली. मशीनवर आपाचं चिन्ह समोर होतं. बोट तिथवर गेलं. मग भावजयीचं बटण दाबलं. आपा पडली. निकालाच्या संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना तिनं हाक मारली, "चहा घेतोस का रे?" बाकी काही विचारलं नाही. मी घाई आहे म्हणालो.

पुढं रमजानमध्ये मौलानांना गाठलं. चुकीची शपथ घेतली असेल तर?

"मोडायची. चांगलं काम अडत असेल तर मोडायचीच. कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालायचं. ऐपत नसेल तर तीन रोजे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही."

दर जुम्याला, शुक्रवारच्या प्रवचनात हेच मौलाना सांगायचे: सत्ता ही अमानत आहे, विश्वासानं सोपवलेली ठेव; कारभार मशवऱ्यानं, सगळ्यांना विचारून करावा. मी मान डोलवायचो. ओट्यावर कुठला मशवरा? आमच्या एकाही बाईला विचारलं नव्हतं. माझ्या बायकोचं मतही मीच शपथेत घालून आलो. तिनं कुणाला दिलं, मी आजवर विचारलेलं नाही. तोंड नाही.

दादांनी दगा दिला असं म्हणता येत नाही. दादा आमचे नव्हतेच. मौलाना आमचे होते. आणि मी आपाचा होतो.

आता पुन्हा निवडणूक लागली आहे. आपानं अर्ज भरला. मला सांगितलं नाही. बरोबरच केलं. परवा दादांचा फोन आला. "रविवारी ये. येताना ते घेऊन ये."

"नाही आणणार. मीही येणार नाही."

"का रे, लई मोठा झालास का?"

"माझं मत आपाला आहे, दादा. तुम्हाला आधीच सांगतोय."

शुक्रवारी नमाजनंतर मी जमातीसमोर उभा राहणार. आधी सांगणार, बहिणीच्या विरोधात मत मीच दिलं. मग सांगणार, असली शपथ मोडता येते आणि हे मौलानांना तेव्हाही माहीत होतं. ते मिंबरजवळ, प्रवचनाच्या पायऱ्यांपाशी असतील. खाली बस म्हणतील. जमातीनं वाळीत टाकलं तर टाकू दे. सगळं बोलल्याशिवाय मी बसणार नाही.