इस्त्रीमावशी आणि अफ्रेची केस

इस्त्रीमावशी कशालाच घाबरत नाही, असं अख्खी गल्ली सांगायची. मावशी स्वतःही सांगायची, आणि गल्लीपेक्षा जरा मोठ्या आवाजात सांगायची.

दुकान म्हणजे काय, चार पावलं रुंद खोली. पुढे रस्त्याकडे तोंड केलेलं लाकडी टेबल, त्यावर दुहेरी ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर. मागे दांडीला टांगलेले शर्ट, प्रत्येकाच्या कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठ्या नावाला. मावशी कॉलर बघूनच माणूस ओळखायची. "हा मान वाकडी करून फोनवर बोलतो," म्हणायची, "आणि ह्याची बायको माहेरी गेलीय, बटण स्वतःच लावलंय बिचाऱ्यानं." हे सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडावर, बरं का. मागे बोलायची सवय नव्हती तिला.

नवरा आजारपणात गेला तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. दीर समजवायला आले, म्हणाले, दुकान बंद कर, रस्त्यावरचं काम बाईमाणसाला झेपायचं नाही. मावशीनं विचारलं, "भाऊजी, तुमच्या अंगातला शर्ट कोणी केलाय?" दीरांनी खाली पाहिलं आणि विषय तिथेच मिटला. पुढे एकदा एक दारुडा सुरा घेऊन दुकानासमोर नाचायला लागला. मावशीनं त्याला दरडावलं, "आधी बटणं नीट लाव, मग काय ते धमकाव!" आणि तो मेला खरंच बटणं लावत उभा राहिला. गल्लीनं ही गोष्ट वर्षानुवर्षं चघळली.

मुलाला तिनं एकच शिकवलं. घाबरायचं नाही. शाळेत कोणी मारलं तर रडत यायचं नाही, मारून यायचं. पोरगा हुशार, जरा जास्तच शिकला. आता चौतीस वर्षांचा होता, शाळेची बस चालवायचा, दारातून वाकून आत यायचा. मुलांवर कधी ओरडला नाही, पण मोठ्या माणसांशी बोलताना त्याचा पारा केव्हा चढेल त्याचा नेम नसायचा. घरी ताट भिरकावलं, दार आपटलं, असं चालायचं. मावशी म्हणायची, "तापट आहे, पण मनात काही नाही त्याच्या." मनात नव्हतंच काही. होतं ते सगळं हातात आणि तोंडात होतं. सून मात्र तो घरी आला की काचेचे ग्लास मुकाट्यानं वरच्या फळीवर ठेवून द्यायची.

तर त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास झालं असं. मुलांना सोडून त्याची रिकामी बस गल्लीत शिरली. समोरच्या सायकलवाल्यानं नेहमीप्रमाणे दुरुस्त केलेल्या सायकली रस्त्यावर ओळीनं उभ्या केल्या होत्या. बसचा आरसा एका सायकलीला लागला, ती पडली आणि तिच्यामागे बाकीच्याही आडव्या झाल्या. सायकलवाला पंप घेऊन धावला. हा बसमधून उतरला. आधी बाप काढले, मग कॉलरी धरल्या, आणि मग जी जुंपली म्हणता! दोघं रस्त्यावर लोळत होते. मावशीच्या मुलानं पडलेली सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि खाली पडलेल्या सायकलवाल्यावर आपटणार, तेवढ्यात चौघांनी त्याला मागून धरलं. शेजारच्या दुकानांची शटरं धडाधड खाली आली. पोलीस आले आणि दोघांना घेऊन गेले.

आता गंमत ऐका. सायकलवाल्याचा एक दात हलला होता, ह्याचा कान फाटला होता, आणि चौकीतल्या बाकावर तासाभरात दोघं एकाच कपातला चहा अर्धा अर्धा पीत बसले होते. दोघांनीही तक्रार दिली नाही. "आमचं मिटलं, साहेब," म्हणाले. पण पोलिसांनी स्वतःहून केस केली. कलमाचं नाव इंग्रजीत होतं, अफ्रे. गुन्हा शाबीत झाला असता तर मुलाचा शाळेच्या बसचा बिल्ला गेला असता, आणि त्या बसपलीकडे त्याला दुसरं जग नव्हतं.

मायलेक वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई वयानं लहान, चष्मा मोठा, आणि शब्दांचं भारी वेड. मावशीनं बसल्या बसल्या विचारलं, "दोघांचं मिटलंय, मग केस कसली?"

"तुमचं मिटलं, मावशी. रस्त्याचं कुठे मिटलंय?" वकीलबाई म्हणाल्या. "साध्या मारामारीत कोणी कोणाला मारलं ते बघतात. अफ्रेमध्ये कोण घाबरलं ते बघतात. शब्दच तसा आहे. इंग्रजांनी तो जुन्या फ्रेंचमधून घेतला. त्याच्याही मागे गेलात तर अर्थ निघतो, एखाद्याला त्याच्या शांततेतून बाहेर ओढणं. 'अफ्रेड' म्हणतात ना, घाबरलेला? तोही ह्याच शब्दाच्या पोटचा. चार लोक बघत उभे असतात, त्यांचा भांडणाशी काही संबंध नसतो, आणि त्यांच्या जिवाचं पाणी होतं. गुन्हा तो आहे."

"म्हणजे मारलेलं राहिलं बाजूला," मुलगा हसला.

"तसंच. आणि कोर्ट विचारतं, तिथे एखादा खंबीर माणूस असता तर तो घाबरला असता का? भित्र्याचं सोडा, खंबीर माणूस." वकीलबाईंनी पेन मावशीकडे रोखलं. "गल्लीतलं कोणी साक्षीला यायला तयार नाही. पण तुम्ही तिथे होतात, आणि तुमच्याइतकं खंबीर तिथे दुसरं कोण होतं? खोटं बोला असं मी सांगणार नाही. मी एकच विचारेन, घाबरलात का?"

"आई आणि घाबरली!" मुलगा म्हणाला. "ही काय विचारायची गोष्ट झाली?"

"मी कशाला घाबरतेय," मावशी म्हणाली. सवयीनं म्हणाली, पण घरी आल्याआल्या ती आधी दुकानातल्या टेबलाखाली वाकली.

कारण तिथे, जुन्या चादरीत गुंडाळून, वाचनालयातल्या ग्रंथपालांचा निळा शर्ट पडला होता. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं काळं भोक. तीस वर्षांत मावशीच्या हातून गिऱ्हाइकाचा कपडा जळला नव्हता. इस्त्रीवाल्या माणसाचा हात मेला तरी इस्त्री उभी करूनच मरतो, असं ती फुशारकीनं सांगायची. आणि त्या दुपारी तिनं इस्त्री आडवीच सोडली होती. ग्रंथपालांना तिनं सांगितलं की करंट जास्त आला. भल्या माणसानं विश्वास ठेवला, हे तर आणखी वाईट.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी सासू-सून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. एक टोक हिच्याकडे, एक टोक तिच्याकडे.

"आई," सून म्हणाली, "शर्ट जळत होता त्या दिवशी. वास आला म्हणून मी मागच्या घरातून पळत आले, इस्त्री उचलली. तुम्ही टेबलाला धरून उभ्या होतात. मी दोनदा हाक मारली, तुम्हाला ऐकूच गेली नाही."

"लक्ष नव्हतं माझं."

"थरथरत होतात तुम्ही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

सुनेनं चादरीचं टोक सोडलं नाही. "एक सांगू? रागावू नका. मी रोज घाबरते. दार वाजलं की घाबरते. पण ह्या घरात कोणी घाबरतच नाही ना, मग मला माझीच लाज वाटते. वाटतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

मावशीला एकदम भडभडून आलं. नऊ वर्षं ही पोर ग्लास वर ठेवत होती आणि आपण तिला म्हणत होतो, मनात काही नाही गं त्याच्या. आपण कोणाला धीर देत होतो, हिला की स्वतःला? तिनं चादरीची घडी पुरी केली, पण कोपऱ्याला कोपरा जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची खोली खचाखच नव्हती, सात-आठ माणसं होती. पंखा कुरकुरत होता. मावशीनं शपथ घेतली. वकीलबाईंनी दुकान विचारलं, वय विचारलं, तीस वर्षांचं काम विचारलं, त्या दारुड्याची गोष्टसुद्धा काढली. न्यायाधीशबाई गालात हसल्या. सगळं कसं जुळून आलं होतं.

"आणि त्या दुपारी, मावशी, तुम्ही घाबरलात का?"

मावशीनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या अंगात तिनंच सकाळी केलेला पांढरा शर्ट होता. एक 'नाही' म्हटलं की बस त्याची. एवढंसं 'नाही', जन्मभर तेच तर आपण म्हणत आलो.

"हो," मावशी म्हणाली. "घाबरले."

वकीलबाईंचं पेन थांबलं. सरकारी वकील खुर्चीत सरसावून बसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कोणाला? सायकलवाल्याला?"

"तो काय घाबरवतोय कोणाला!" मावशीचा आवाज चढला, आणि लगेच फुटला. "माझ्या मुलाला घाबरले, बाई. त्यानं सायकल डोक्यावर उचलली तेव्हा मला वाटलं, आता एक जीव जातोय, आणि तो माझ्या पोटचा घेतोय. गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला मी, आणि ग्रंथपालांना खोटं सांगितलं की करंट जास्त आला. आणि ते त्या दिवशीचंच नाही. घरीपण घाबरते मी. त्यानं दार आपटलं की घाबरते. फक्त आजवर म्हणाले नाही."

मुलानं मान वर केलीच नाही.

दोघांवर गुन्हा शाबीत झाला. कैद नाही, पण वर्षभर नीट वागण्याची हमी लिहून द्यावी लागली. मुलाचा बिल्ला सहा महिन्यांसाठी गेला आणि डेपोनं त्याला बस धुवायच्या कामावर घातलं. गल्ली म्हणाली, आई आहे की वैरीण? सायकलवाल्यानं मात्र दुसऱ्याच दिवशी सायकली आत घेतल्या. मावशी ग्रंथपालांकडे नवा शर्ट घेऊन गेली आणि कबुली देऊन आली.

मुलगा अकरा दिवस आईशी बोलला नाही. दार आपटलं नाही, ताट फेकलं नाही, नुसता यायचा, जेवायचा, झोपायचा. त्या शांततेनं मावशी आतून पोखरून निघाली. रोज वाटायचं, चुकलंच आपलं. मग सुनेकडे बघायची आणि ते मनातून काढून टाकायची.

बाराव्या दिवशी दुपारी तो डेपोतून ओल्या पँटमध्येच दुकानात आला. टेबलाच्या पलीकडे स्टूल ओढून बसला. मावशीनं हातातला शर्ट संपवला, इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"आई, खरंच मला घाबरतेस?"

"हो."

"ती पण?"

"ती तर नऊ वर्षं."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पाण्यानं सुरकुतलेले, मोठे हात. मग अगदी हळू म्हणाला, "मग मला सांगायचं नाही का गं?"

"तेच तर, बाळा," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "एवढं सांगायला मला कोर्टात जावं लागलं. तिथे पोलीस होते ना."